समोर बसलेला चेहरा



आपल्या घरोघरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. तिच्यापुढे आपण रोज प्रार्थना करतो. पण त्या चेहऱ्यावरचा थकवा किंवा दुःख आपल्याला सहसा जाणवत नाही, कारण तो बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यातला असतो. चेहऱ्यात भावना कशी उतरते, हे आज आपण पाहू.

हॉलंडचा रेम्ब्रांट ॲम्स्टरडॅममध्ये ज्यू वस्तीजवळ राहत असे. १६४८ च्या सुमारास आणि पुढे त्याच्या चित्रशाळेत लहान लाकडी फळ्यांवर ख्रिस्ताच्या मस्तकाचे अभ्यास रंगवले गेले. अभ्यास म्हणजे मोठ्या चित्राआधी चेहरा समजून घेण्यासाठी केलेले काम. १६५६ मध्ये कर्जापायी त्याच्या घरातील सामानाची यादी झाली, तीत ‘ख्रिस्ताचे मस्तक, जिवंत माणसावरून’ अशी नोंद आहे. तो माणूस शेजारचा ज्यू तरुण असावा, असे अभ्यासक मानतात. प्रभू येशूही ज्यूच होता, हे आपण विसरतो!

या चित्रांत काट्यांचा मुकुट नाही, रक्तही नाही. मान किंचित कललेली, डोळे थोडे सावलीत आणि नजर बहुधा आपल्याकडे नाही. फोटोसाठी आपण क्षणभर चेहरा सावरतो. तासभर कोणापुढे बसलो, की तो सावरलेला राहत नाही. खांदे सैल होतात, मनातले वर येते. चित्रकार त्याचीच वाट पाहतो. नजर वळलेली असली, की त्या माणसाला नकळत पाहत आहोत असे वाटते आणि आपला आवाज आपोआप खाली येतो.

आपल्या पुण्यातही असा चित्रकार होऊन गेला. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले अँजेलो द फोन्सेका अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली, सावळी, पापण्या झुकवलेली असते. १९५१ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी आयव्ही यांचा चेहरा तिच्यात दिसू लागला. गोव्यात मात्र अशा चित्रांवर कडक टीका झाली. देवमाता आपल्यासारखी दिसावी, हेच अनेकांना खपले नाही. कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेची स्वतःची नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितले. फोन्सेका १९६७ मध्ये वारले. त्यांची बरीच चित्रे आता गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटरमध्ये आहेत. वेळांकणी किंवा जुन्या गोव्याच्या यात्रेला जाणाऱ्यांपैकी गोव्याकडे वळणाऱ्यांनी तिथेही जरूर चौकशी करावी.

धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी या आठवड्याचा अभ्यास: आजीला किंवा ऊस तोडून आलेल्या मावशीला, त्यांची परवानगी घेऊन, अर्धा तास समोर बसवा. खोडरबर न वापरता फक्त डोळे आणि तोंड काढा. चित्र बिघडले तरी चालेल. पुढच्या रविवारी मिस्सानंतर कागद घेऊन या.