गाडी खाली बसवण्याआधी

चि. निखिल यास,

गाडी खाली बसवली की तिचा गुरुत्वमध्य उतरतो आणि वळणावर ती कमी कलते. हा फायदा खरा. पण स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि चाकांचे कोन यांचा मेळ राहिला तरच तो पदरात पडतो. हात आखडता असेल, तर खर्चाचा क्रम आधी ठरवावा.

उदाहरणार्थ, 2005 मध्ये भारतात आलेल्या मारुती स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम आहे. जमिनीपासून तिच्या पोटाची उंची 170 मिमी. 30 मिमी उतरवल्यावर 140 उरते, तीही गाडी रिकामी असताना. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणानुसार बांधलेला गतिरोधक 100 मिमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. एवढ्या पसरट उंचवट्यावर पोट सहसा घासत नाही. गल्लीबोळांतले अरुंद, उभट गतिरोधक हे माप पाळत नाहीत. म्हणून गाडी 30 मिमीपेक्षा जास्त उतरवू नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापणे. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग सुमारे 20 टक्के ताठ होते आणि जुन्या शॉकअब्सॉर्बरला तिची उसळी आवरत नाही. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यावर लटकले की सैल स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवणे त्याहून वाईट. पोलादाचे पाणी उतरते, मग स्प्रिंग खचत जाते किंवा तुटते.

पहिला खर्च झिजलेले बुश, बॉल जॉइंट आणि तेल गळणारे शॉकअब्सॉर्बर बदलण्यावर करावा. त्यानंतर त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंग चारही चाकांना एकदम बसवाव्यात. त्या वापरलेल्या घ्यायच्या झाल्या, तर गंज आणि तडे तपासून पूर्ण संच घ्यावा. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. चाकांचा कोन (टो) बिघडलेला राहिल्यास नवे टायर कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा.

स्ट्रटमधली दाबलेली स्प्रिंग स्प्रिंग-कंप्रेसरशिवाय सोडू नये. ती सुटून जीवघेणी इजा होऊ शकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे कामाआधी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे.

परवानगी मिळाली नाही किंवा पैसे पुरले नाहीत, तर पहिल्या खर्चावरच थांबावे. नवे बुश आणि शॉकअब्सॉर्बर बसले की मूळ उंचीवरची गाडीही वळणावर पुष्कळ सावरते.

तुझा,
काका