वेरूळसमोर सगळं घर एका फोटोत: जोडकामाला किती पैसे मोजावेत?

करमाड-शेंद्रा पट्ट्यात सगळ्या घराला एकाच दिवशी सुट्टी मिळणं कठीण. कोणाची कंपनीत शिफ्ट, कोणाची परीक्षा, कोणाच्या शेतात कापूस वेचणी. त्यामुळे वेरूळ पाहून सगळेच येतात, पण वेगवेगळ्या दिवशी. मग हौस होते, कैलास लेण्यासमोर सगळे एकत्र उभे असलेला एक फोटो बैठकीत लावावा. वेगवेगळे फोटो जोडून असा एक फोटो करण्याला स्टुडिओवाले ‘मिक्सिंग’ म्हणतात. काम चांगलं झालं तर पैसे वसूल होतात. फक्त पैसे कशाचे द्यायचे हे आधी कळायला हवं.

आधी जाण्याचा हिशेब करा

वेरूळचं तिकीट भारतीयांना माणशी 40 रुपये, बीबी का मकबऱ्याचं 25 रुपये. 15 वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे मोफत. वेरूळ मंगळवारी बंद असतं. सगळ्यांना जाणं जमत असेल तर तोच मार्ग उत्तम. गुडघ्यांमुळे आजीला प्रवास झेपत नसेल किंवा मुलगा परगावी असेल, तर जोडकाम करून घ्या.

बिल कशाचं होतं

कामाचे तीन भाग: माणूस कापून काढणं, उजेड-सावली-रंग जुळवणं आणि प्रिंट. कापण्यात मोकळे केस, पातळ पदर आणि चष्मा वेळ खातात. खरा खर्च मात्र न जुळणाऱ्या उजेडाचा असतो.

कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारनंतर त्यावर थेट ऊन येतं. आजोबांचा फोटो सकाळच्या मऊ सावलीतला आणि मुलाचा दुपारी चारच्या उन्हातला असेल, तर दोघांना शेजारी उभं करताना एकाच्या चेहऱ्यावरची सावली जवळजवळ नव्याने रंगवावी लागते. दोघांचे फोटो दुपारनंतरचे असतील तर ते काम वाचतं.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, स्टुडिओने तासाला 250 रुपये सांगितले. चार माणसं कापायला दोन तास आणि जुळवायला एक तास धरला, तर मजुरी 750 रुपये. उजेड जुळत नसेल आणि आणखी दोन तास गेले, तर तीच 1,250 होते. प्रिंट आणि फ्रेम वेगळी. म्हणून ‘फोटोचे किती?’ एवढंच विचारू नका; माणशी दर, जादा कामाचा दर आणि प्रिंटचा दर वेगवेगळे लिहून घ्या.

फोटो कसे द्यावेत

8 × 12 इंचाच्या चांगल्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके धरले तर 2400 × 3600 पिक्सेल लागतात. आडव्या फोटोत माणूस चार इंच उंच दिसायचा असेल तर त्या एकट्यालाच 1200 पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसून लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलवर येतो. त्यात माणूस तिसरा हिस्सा असेल तर हाती पाचशेच्या आसपास उरतात आणि चेहरा पुसट होतो. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

नवा फोटो काढणार असाल तर कॅमेरा छातीच्या उंचीला धरा, झूम टाळा आणि पाय पूर्ण येऊ द्या. पाय तुटलेला माणूस जमिनीवर टेकवता येत नाही. त्याला कठड्यामागे किंवा दुसऱ्याच्या मागे लपवावं लागतं.

घरी करायचं असेल तर

संगणकावर जिंप आणि ब्राउझरमध्ये फोटोपी ही दोन्ही साधनं मोफत आहेत. खर्च फक्त वेळेचा. एआय ॲप मिनिटात फोटो जोडून देतं, पण अनेकदा चेहराच नव्याने रंगवतं. आजीच्या सुरकुत्या किंवा कपाळावरचं गोंदण गेलं असेल, तर असा फोटो मुळीच स्वीकारू नका. ज्या माणसासाठी खर्च केला तोच त्यात नसतो.

पैसे देण्यापूर्वी

प्रिंटआधी स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहा. सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला आहेत का, पावलांखाली गडद सावली आहे का, माणसांची उंची एकमेकांना शोभते का, केसांभोवती पांढरी कड दिसते का, हे तपासा. दोन दुरुस्त्या मोफत मिळतील हे आधीच ठरवा. थर वेगळे असलेली फाइल मागून घ्या, म्हणजे पुढे घरात आलेली सून किंवा नातू त्यात कमी खर्चात बसवता येईल.

जीएसटी लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला तो आकारता येत नाही. प्रिंटच्या मागे कोणाचा फोटो केव्हाचा आहे आणि हा जोडलेला फोटो आहे, हे जरूर लिहा. पुढच्या पिढीला खरं कळायलाच हवं.

ठरल्याप्रमाणे काम झालं नाही आणि स्टुडिओ दादही देत नसेल, तर बिल आणि लिहून घेतलेले दर हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.