मोटार कंपनीचे दिवाळे आणि उधारीवर माल देणारा

एखाद्याचे दिवाळे निघाले की दुकानाला कुलूप लागले, माल लिलावात गेला, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तसे झाले नाही. कंपनीची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलरची, तर देणी सुमारे १७३ अब्ज डॉलरची होती. तरीही चाळीस दिवसांत, १० जुलै रोजी, त्याच नावाची नवी कंपनी उभी राहिली. हे कसे घडले आणि उधारीवर माल देणाऱ्यांचे त्यात काय झाले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे असे आहे.

संकट २००८ सालीच आले होते. बँका अडचणीत आल्या, गाड्यांचा खप कोसळला. डिसेंबर २००८ मध्ये मदतीचे विधेयक सिनेटमध्ये अडकले, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. पुढे ओबामा सरकारने आणखी पैसा घातला. त्याच सुमारास एक गोष्ट घडली, ती व्यापाऱ्याने विशेष लक्षात घ्यावी. फोर्ड कंपनीने असे बचावाचे कर्ज घेतले नाही. २००६ मध्येच तिने आपली मालमत्ता, अगदी निळ्या बोधचिन्हासकट, तारण ठेवून पैसा उभा केला होता. तरीही फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली यांनी संसदेपुढे जाऊन आपल्या प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या, असे सांगितले.

हा परोपकार नव्हता. तिन्ही कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे बरेचसे कारखाने तेच होते. हे लोक माल आज देतात आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी घेतात. जनरल मोटर्सने पैसे थकवले की असा कारखाना बसतो, आणि तो बसला की फोर्डलाही त्याचा भाग मिळत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाचे दिवाळे शेजारच्या दुकानापर्यंत कसे पोहोचते, ते येथे दिसते.

म्हणून मार्च २००९ मध्ये अमेरिकी सरकारने पुरवठादारांसाठी ५ अब्ज डॉलरची वेगळी योजना काढली. पाठवलेल्या मालाचे पैसे बुडणार नाहीत, अशी हमी तीत होती. पण कोणत्या पुरवठादाराला तिचा लाभ द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार मोटार कंपन्यांकडेच होता. जो थेट कंपनीला माल देतो त्याचा विचार झाला. त्याला स्क्रू, रबर किंवा पत्रा देणारा मात्र बाहेरच राहिला. प्रत्यक्षात या योजनेतून अर्धा अब्ज डॉलरसुद्धा उचलले गेले नाहीत.

आता रांगेकडे वळू. दिवाळखोरीत धनकोंची रांग लागते. पुढे तारण घेऊन कर्ज देणारा, मागे विनातारण देणारा, आणि सर्वांत शेवटी भागधारक. उधारीवर माल देणारा विनातारणवाल्यांत मोडतो. अमेरिकी कायद्याने त्याला दोन आधार दिले आहेत. अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत पोचलेल्या मालाची रक्कम रांगेत वर जाते. आणि त्याचा करार नव्या कंपनीने पुढे चालू ठेवला, तर जुनी थकबाकी चुकती करावी लागते. नव्या जनरल मोटर्सला ज्यांचा भाग हवा होता, त्यांचे पैसे असे सुटले. ज्यांची गरज उरली नव्हती, त्यांचे दावे ‘मोटर्स लिक्विडेशन’ या नावाच्या जुन्या सांगाड्यात राहिले.

रांग नेहमी सरळ राहिली असेही नाही. सुमारे २७ अब्ज डॉलरचे कर्जरोखे घेणाऱ्यांना नव्या कंपनीचा १० टक्के हिस्सा मिळाला, तर निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीला १७.५ टक्के. क्रायस्लरमध्ये तारण असलेल्या धनकोंनाही डॉलरमागे २९ सेंटच हाती आले. इंडियानातील पेन्शन फंड याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण स्थगिती मिळाली नाही. क्रायस्लरच्या ७८९ विक्रेत्यांचे करार एका झटक्यात संपले. त्यातल्या कित्येकांच्या कुटुंबांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. ज्याने पैसा ओतला त्याच्या मर्जीचा रांगेवर परिणाम झाला, असे आमचे मत आहे. सरकारने स्वतः जनरल मोटर्समध्ये ४९.५ अब्ज डॉलर घातले, सुमारे ६१ टक्के मालकी घेतली आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले. त्यात १० अब्जांहून अधिक रक्कम बुडाली. कारखाने आणि पुरवठादार वाचले, हेही तितकेच खरे.

पुण्याजवळचा जनरल मोटर्सचा तळेगाव कारखाना या खटल्यात नव्हता. कंपनीने भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली, ती वेगळ्या निर्णयाने. पण बडी कंपनी आपल्याकडेही दिवाळखोरीत जाते, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत माल देणाऱ्याची जागा मागेच आहे. धनकोंच्या समितीत मत असते ते मुख्यतः बँकांना. माल देणाऱ्याला अर्ज करायचा तर थकबाकी किमान १ कोटी रुपयांची हवी. ही मर्यादा मार्च २०२० पर्यंत १ लाख होती. म्हणजे लहान कारागिराला या दाराने जाणे जवळजवळ बंद झाले. दुसऱ्याच्या अर्जावरून कंपनी दिवाळखोरीत गेली, तर मात्र तो आपला दावा मांडू शकतो. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. दावा मुदतीत दाखल करावा लागतो आणि सोबत बिल, माल पोचल्याची सही असलेले चलन, बँकेचा उतारा असा पुरावा लागतो. तोंडी ऑर्डरवर आणि बिनसहीच्या चलनावर माल देणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते.

लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मात्र उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. व्यापाऱ्यांना ही नोंदणी २०२१ मध्ये खुली झाली, पण ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. थकलेल्या पैशांसाठीची तरतूद त्यांना त्या नोंदणीने मिळाली नाही.