मंडळीची थैली आणि पुढाऱ्याची सचोटी

पाठ : २ करिंथ ८:१६–२४. सोबत वाचावें : एज्रा ८:२१–३४, २ राजे १२:९–१५, मार्क १२:३८–४४.

मंडळीच्या पुढाऱ्याविषयीं आपण बोलूं लागलों म्हणजे त्याचा उपदेश, त्याची प्रार्थना व त्याचें शास्त्रज्ञान ह्यांचा विचार प्रथम मनांत येतो. पैशाच्या व्यवस्थेचा विचार आपण खालच्या पायरीवरचा समजतों. पवित्र शास्त्र तसें समजत नाहीं. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे दोन पूर्ण अध्याय, आठवा व नववा, वर्गणीविषयीं आहेत. आणि गोळा झालेला पैसा कोणीं व कशा रीतीनें न्यावा ह्यासाठीं त्यांतील कित्येक ओवी खर्ची पडल्या आहेत. आजच्या पाठांत आपण त्याच ओव्यांचा विचार करूं.

१. प्रसंग कोणता होता?

यरुशलेमांतील ख्रिस्ती बांधवांपैकीं पुष्कळ जण दारिद्र्यानें गांजले होते. त्यांच्या साहाय्यासाठीं पौलानें गलतिया, मासेदोनिया व अखया ह्या प्रांतांतील मंडळ्यांत वर्गणी सुरू केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, अशी त्याची सूचना होती (१ करिंथ १६:१, २). हें काम वर्षाहून अधिक काळ चाललें. त्या काळीं कागदी चलन नव्हतें; जी रक्कम जमे ती नाण्यांच्या रूपानें माणसांनींच वाहून न्यावी लागे. वाटेवर लुटारूंचें भय, समुद्रावर तुफानाचें भय.

शिवाय देणारे बहुतेक विदेशी लोकांतून आलेले, व घेणारे यहूदी. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या पंक्तीस बसून अन्न खाल्लें नव्हतें, ते आतां ख्रिस्तामध्यें बंधु झाले होते, आणि ही वर्गणी त्या बंधुत्वाची खूण होती. तिजवर संशयाचा डाग पडता तर केवळ पैसा नव्हे, बंधुत्वच मोडलें असतें.

संशय तर अगोदरच उभा होता. करिंथांत कुजबुज चाले कीं, पौल स्वतः उघडपणें कांहीं घेत नाहीं खरा, परंतु युक्तीनें दुसऱ्यांच्या हातून घेतो. पौलास ह्या आरोपाचें उत्तर द्यावें लागलें (२ करिंथ १२:१६–१८). आणि हा आरोप कोणावर? जो करिंथांत तंबू करण्याचा धंदा करून आपलें पोट भरीत होता, त्याच्यावर! सचोटीचा मनुष्यहि बोलण्यांतून सुटत नाहीं, हें आपण प्रथम ध्यानांत घ्यावें.

२. पौलानें काय केलें?

तो रागावून बसला नाहीं, किंवा "मी प्रेषित आहें, मला विचारणारे तुम्ही कोण?" असेंहि म्हणाला नाहीं. त्यानें तीन माणसें पाठविलीं. एक तीत. दुसरा एक बंधु, ज्याची सुवार्तेच्या कामीं सर्व मंडळ्यांत वाहवा होती. तिसरा एक बंधु, ज्याची आस्था पुष्कळ गोष्टींत कसोटीस उतरली होती. ह्या दोघांचीं नांवें पत्रांत दिलेलीं नाहींत. ह्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेंत कोणीं आपणांस दोष लावूं नये, आणि जें योग्य तें प्रभूसमोरच नव्हे तर मनुष्यांसमोरहि व्हावें, असें कारण पौल देतो (ओवी २०, २१).

येथें दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, पौलानें पैसा एकट्याच्या हातीं ठेविला नाहीं, आपल्याहि नाहीं. दुसरी, दुसऱ्या बंधूची निवड पौलानें केली नव्हती, मंडळ्यांनीं केली होती (ओवी १९). आपल्याच मर्जींतला साक्षीदार उभा करणें सोपें. देणाऱ्यांनीं निवडलेला साक्षीदार पत्करणें कठीण. पहिल्या पत्रांतहि त्यानें हेंच लिहिलें होतें : ज्यांस तुम्ही पसंत कराल त्यांस मी पाठवीन, माझेंहि जाणें योग्य ठरलें तर ते मजबरोबर येतील (१ करिंथ १६:३, ४). पुढें पौल यरुशलेमाच्या वाटेस लागला तेव्हां निरनिराळ्या प्रांतांतील सात सोबत्यांचीं नांवें लूक देतो (प्रेषितांचीं कृत्यें २०:४). ते त्या त्या मंडळ्यांचे प्रतिनिधि असावे असें पुष्कळ अभ्यासक मानतात.

ह्या प्रवासाचा शेवट कसा झाला तेंहि पाहूं. यरुशलेमास दान आणणारा पौल कैदेंत पडला. पौल आपणांस पैसे देईल अशी आशा धरून फेलिक्स सुभेदार त्यास वरचेवर बोलावीत असे (प्रेषितांचीं कृत्यें २४:२६). पौल दोन वर्षें बंदींतच राहिला. ज्यानें गरिबांचा पैसा पै न पै पोंचविला, त्यानें आपल्या सुटकेसाठीं लांच दिली नाहीं. हे दोन गुण एकाच मुळाचे आहेत.

३. "देव जाणतो" एवढें पुरें आहे काय?

हिशेबाची गोष्ट निघाली कीं कित्येक पुढारी म्हणतात, "माझें मन देव जाणतो." हें म्हणणें खरें असेल, तथापि तें अपुरें आहे. एज्रा शास्त्र्याकडे पाहा. बाबेलाहून यरुशलेमास निघतांना राजापाशीं स्वारांची टोळी मागण्याची त्यास लाज वाटली, कारण देवाचा हात आपणांवर आहे असें त्यानें राजास सांगितलें होतें. म्हणून अहवा नदीपाशीं सर्वांनीं उपास करून प्रार्थना केली. इतका देवावर भरंवसा ठेवणारा मनुष्य!

पण त्याच एज्रानें प्रार्थनेनंतर लागलाच तराजू आणविला. त्यानें बारा प्रमुख याजक निवडले व ६५० किक्कार रुपें, १०० किक्कारांचीं रुप्याचीं पात्रें व १०० किक्कार सोनें त्यांस तोलून दिलें. एक किक्कार म्हणजे सुमारें ३० किलोहून अधिक वजन. त्यावरून ह्या ठेवीचा अंदाज करावा. यरुशलेमास पोंचल्यावर चवथ्या दिवशीं देवाच्या मंदिरांत तें सर्व पुनः तोललें गेलें. तोलून घेणारा मरेमोथ याजक. त्याच्यासोबत दुसरा एक याजक व दोन लेवी. सर्व कांहीं मोजून, तोलून लिहून ठेविलें (एज्रा ८:३३, ३४).

पाहा, ते याजक पवित्र होते असें एज्रानेंच म्हटलें आहे, आणि तरी त्यांस तोलून दिलें व त्यांजकडून तोलून घेतलें. राजाचे स्वार त्यानें नाकारिले, पण तराजू नाकारिला नाहीं. चोरांपासून राखण्याचें काम त्यानें देवावर सोपविलें. संशयापासून राखण्याचें काम स्वतः केलें.

४. एक शंका

कोणी शास्त्र जाणणारा बंधु विचारील : योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या डागडुजीच्या कामगारांस पैसे देणाऱ्या मुकादमांकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानानें वागत, मग आम्हांसच हिशेब कां? त्यानें तो अध्याय मागून वाचावा. याजकांच्या हातीं पैसा जाई तेव्हां राजाच्या कारकीर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नाहीं. मग यहोयादा याजकानें एका पेटीच्या झांकणास भोंक पाडून ती वेदीजवळ ठेविली. आणि पैसा पुष्कळ झाला म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे येऊन तो मोजीत. मुकादमांवरचा विश्वास ह्या मोजणीनंतरचा आहे. शिवाय तो विश्वास मुकादमांनीं मागून घेतला नव्हता, कामानें मिळविला होता.

५. हा पैसा कोणाचा?

प्रभु येशूनें दानपेटीसमोर बसून विधवेचीं दोन नाणीं पाहिलीं. ही गोष्ट आपण सर्व जाणतों. पण त्याच्या अगदीं अगोदरच्या ओव्यांत, विधवांचीं घरें गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांविषयीं त्यानें इशारा दिला आहे, हें आपण विसरतों. दोन्ही गोष्टी शेजारीं आहेत : विधवेचें देणें, आणि धर्माच्या नांवाखालीं विधवेचें लुटणें.

आपल्या मंडळीच्या थैलींत काय असतें? मजुरीवर जाणाऱ्या बाईनें चुलीवर भांडें चढविण्यापूर्वीं बाजूस काढलेलें मूठभर धान्य. कोणाच्या पहिल्या कोंबडीचीं अंडीं. मूल दुखण्यांतून उठलें म्हणून एका बापानें टाकलेली नोट. जो हा पैसा हातीं घेतो तो त्या घरांची भाकर हातीं घेतो. बारा शिष्यांमध्येंहि एकाच्या हातीं डबी होती, आणि तिच्यांत जें टाकण्यांत येई तें तो चोरी (योहान १२:६). प्रभूच्या सहवासांत राहणें हेंहि आपोआप कोणास सचोटी देत नाहीं.

६. आपल्या खेड्यांतील मंडळींत

उघड चोरी करणारे थोडे. आपल्यांत अधिक घडतें तें उसनवारीचें पाप. घरांत दुखणें आलें, मुलाची फी भरावयाची आहे, आणि अर्पणाचा डबा फळीवर आहे. "महिना झाला कीं परत टाकूं," असें म्हणून हात आंत जातो. परत टाकण्याचा हेतु खराच असतो. पण महिना होतो, दुसरी गरज उभी राहते, आणि उसनें घेतलेलें कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. उपदेशक बंधूंनो, गरज असेल तर ती पंचांपुढें मांडा. मागण्यांत लाज नाहीं. न विचारतां घेण्यांत आहे.

दुसरी एक गोष्ट सांगतों. मला ठाऊक असलेल्या एका गांवीं मंडळीचा पैसा सांभाळणारा वृद्ध बंधु अकस्मात् वारला. मनुष्य निर्मळ होता. पण वही नव्हती, आणि मंडळीचे पैसे व घरचे पैसे एकाच पेटींत होते. त्याची बायको अजून रडत असतां लोक पेटीसमोर बसून विचारूं लागले, ह्यांतलें आमचें किती? तिला सांगतां येईना. ज्यानें एक पैसाहि खाल्ला नाहीं, त्याच्या मुलांस गांवांत चोराचीं मुलें म्हणून ऐकावें लागलें. हिशेब केवळ चोरास धरण्यासाठीं नाहीं. तो प्रामाणिक मनुष्याच्या विधवेस वांचविण्यासाठीं आहे.

म्हणून प्रत्येक मंडळीनें एवढें तरी करावें. उपासना संपतांच, घरीं जाण्यापूर्वीं, दोघां-तिघांनीं अर्पण मोजावें. त्यांतला एक तरी उपदेशकाच्या नात्यागोत्यांतला नसावा. धान्य आल्यास सर्वांसमक्ष मापावें, व विकल्यास आलेली किंमत लिहावी. वहींत त्याच वेळीं आंकडा मांडून सह्या कराव्या. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें अंगठा करावा. मंडळीचा पैसा घरच्या पैशांत मिसळूं नये. महिन्यांतून एकदां सर्व जमाखर्च उपासनेंत मोठ्यानें वाचावा, म्हणजे ज्या बाईस अक्षर येत नाहीं तिलाहि आपली मूठ कोठें गेली तें कळेल.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाहीं काय?" असें पुढाऱ्यानें विचारणें बरें नव्हे. ह्या प्रश्नानें गरिबांचीं तोंडें बंद होतात, आणि मग तेंच बोलणें पाणवठ्यावर होतें. म्हाताऱ्या शमुवेलानें सर्व इस्राएलासमोर उभें राहून, मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लांच घेतली, तें सांगा, असें आपणहून विचारलें (१ शमुवेल १२:३). लोकांनीं विचारण्यापूर्वीं त्यानें विचारलें. पुढारपण म्हणतात तें हेंच. वही मागितली जाण्याची वाट न पाहतां जो ती उघडून पुढें ठेवितो, त्याच्या उपदेशास गांव कान देतें.

विचारासाठीं प्रश्न

(१) पौलानें देणाऱ्यांनीं निवडलेला साक्षीदार कां पत्करला?
(२) एज्राच्या प्रार्थनेंत व तराजूंत विरोध आहे काय?
(३) आपल्या मंडळीचे अर्पण कोण मोजतात? आज रात्रीं पैसा सांभाळणारा वारला, तर उद्यां त्याच्या घरच्यांस हिशेब दाखवितां येईल काय?
(४) उपदेशकाच्या घरीं अडचण आली असतां ती त्यानें कोणास सांगावी, आणि मंडळीनें काय करावें?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येत्या रविवारच्या आंत पंचांनीं एकत्र बसून द्यावें, व मग प्रार्थना करावी.