देवमाशाची आई कुठे गेली? – स्थलांतराचा माग कसा काढतात



२०२३ ची दिवाळी आठवते का? फटाके सुरू असतानाच मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं एक पिल्लू अडकलं होतं. लोक त्याच्या अंगावर पाणी मारत होते, दोरखंड लावून त्याला खोल पाण्यात नेण्याची धडपड चालली होती. दोन दिवस सगळे झटले. पिल्लू पाण्यात गेलंही, पण शेवटी ते वाचलं नाही.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्याची आई कुठे गेली होती?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. आई कुठे गेली हे सांगायचं तर आधी ती कुठून येत होती आणि कुठे निघाली होती हे माहीत पाहिजे. आजचा पाठ त्या मुलीच्या प्रश्नासाठी आहे.

पहिली गोष्ट पक्की करून घ्या. देवमासा हा मासा नाही. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. ही वर येण्याची सवय लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

आता स्थलांतर. हा शब्द आपल्या भागात कुणाला नवा नाही. द्राक्षाच्या छाटणीला सुरगाणा, पेठकडची कुटुंबं पिंपळगावात येतात, काम संपलं की परत गावी जातात. मेंढपाळ मेंढ्या घेऊन चाऱ्यामागे फिरतात. आणि नांदूरमधमेश्वर तर आपल्याच निफाड तालुक्यात आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली तो दर्जा जाहीर झाला. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे उतरतात. त्यांची घरटी उत्तरेकडे असतात. तिकडे बर्फ पडायला लागला की ते आपल्याकडे पोट भरायला येतात.

मोठ्या देवमाशांचं याच्या बरोबर उलट आहे. हंपबॅक नावाचा देवमासा घ्या. पाठीवर कुबडासारखा उंचवटा, म्हणून हे नाव. तो उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातो, कारण खाणं तिथे असतं. क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव आणि बारीक मासे तो टनावारी गिळतो. हिवाळ्यात तो उष्ण पाण्यात येतो, तिथे जोड्या जमतात आणि पिल्लं जन्मतात. म्हणजे चरायचं एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे. अलास्काजवळ चरणारे हंपबॅक बाळंतपणाला हवाई बेटांपाशी जातात, सुमारे ४,८०० किलोमीटरवर. उष्ण पाण्यात त्यांना खायला जवळजवळ काहीच नसतं. अंगातल्या चरबीवर ते महिनोन् महिने काढतात. आई तर उपाशीपोटी पिल्लाला दूध पाजत असते.

एवढा त्रास कशासाठी? शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं, ओर्का नावाचे शिकारी देवमासे उष्ण पाण्यात कमी असतात, त्यामुळे पिल्लं सुरक्षित राहतात. कुणी म्हणतं, नवजात पिल्लाला उबेची गरज असते. कातडी बदलायला उष्ण पाणी बरं पडतं, असंही एक मत आहे. मला स्वतःला पहिलं कारण जास्त पटतं, पण परीक्षेत तिन्ही लिहा.

बरं, हे सगळं कळलं कसं? समुद्रात पाऊलखुणा उमटत नाहीत.

सुरुवातीची पद्धत ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. १९३० च्या दशकात देवमाशांच्या अंगात बंदुकीनं स्टीलची छोटी नळी मारत. नळीवर नंबर असे. पुढे तो देवमासा शिकारी जहाजानं मारला आणि कापताना नळी सापडली, तर कळायचं की अमुक ठिकाणी नळी मारलेला प्राणी तमुक ठिकाणी मेला. एका प्रवासाची माहिती मिळवायला तो प्रवासी मरावा लागे. आणि तरीही दोनच टोकं कळत. मधला रस्ता अंधारात.

मग एक फार साधी गोष्ट लोकांच्या लक्षात आली. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपटी वर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूला काळे-पांढरे पट्टे, ठिपके, ओरखडे असतात, आणि प्रत्येकाचे वेगळे. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे! १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ शेपट्यांचे फोटो जमवू लागले. आज जगभरच्या पर्यटकांचे फोटोसुद्धा यात येतात आणि कॉम्प्युटर ते जुळवून बघतो. कोलंबियाच्या किनाऱ्यावर २०१३ आणि २०१७ साली दिसलेला एक नर हंपबॅक २०२२ साली आफ्रिकेच्या झांझिबारपाशी दिसला. दोन्ही जागांमधलं सरळ अंतर १३,०४६ किलोमीटर. त्यासाठी कुणालाही त्याला हात लावावा लागला नाही.

फोटोची मर्यादा मात्र तीच, दोन टोकं. मधला रस्ता दाखवणारं यंत्र म्हणजे सॅटेलाईट टॅग. हे कसं चालतं ते नीट समजून घेऊ, कारण इथे बहुतेक मुलांचा गोंधळ होतो. मुलांना वाटतं, टॅग म्हणजे मोबाईलमधलं जीपीएस. हल्लीच्या काही टॅगमध्ये ते असतं, पण देवमाशांच्या बऱ्याच टॅगांची युक्ती वेगळी आहे.

आपल्या हायवेच्या कडेला उभे राहा. (कडेला म्हणजे लांब, डांबरावर नाही!) हॉर्न वाजवत ट्रक येताना आवाज बारीक, चढा लागतो. तो समोरून निघून गेला की तोच आवाज एकदम जाड होतो. हॉर्न तोच, ड्रायव्हर तोच. येणाऱ्या ट्रकच्या ध्वनिलहरी आपल्याकडे दाटीनं पोचतात, जाणाऱ्याच्या विरळ होतात. याला डॉपलर परिणाम म्हणतात. आता ट्रकच्या जागी उपग्रह समजा आणि तुमच्या जागी देवमासा. फरक एवढाच की इथे हॉर्न कडेला उभ्या असलेल्याकडे आहे आणि ऐकणारा धावतो आहे. टॅग रेडिओ संदेश सोडतो, वरून वेगानं जाणारा उपग्रह तो ऐकतो, आणि संदेशाची कंपनसंख्या कशी बदलत गेली यावरून टॅग कुठे आहे याचं गणित मांडतो. आर्गोस नावाची ही यंत्रणा १९७८ पासून चालू आहे.

अडचण अशी की रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. देवमासा श्वासाला वर येईल तेव्हाच टॅग बोलू शकतो, तेही काही सेकंद. म्हणून टॅगमध्ये एक स्विच असतो. पाण्याखाली तो बंद, हवेत आला की चालू. त्याच सेकंदात वर उपग्रहही हवा. त्यामुळे नकाशावर जी रेघ दिसते ती खरं तर तुटक ठिपके जोडून काढलेली असते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी टॅग गळून पडतो आणि गोष्ट अर्धवट थांबते.

आता अ‍ॅटलस उघडा. पिंपळगाव बसवंत साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पट्टी ठेवा आणि पश्चिमेकडे सरळ रेघ ओढा. सह्याद्री ओलांडा, पालघरचा किनारा ओलांडा, सगळा अरबी समुद्र ओलांडा. सुमारे १,६०० किलोमीटरवर तुमची पेन्सिल ओमान देशातल्या मसिरा बेटाला टेकेल. म्हणजे हा आपल्या अक्षांशावरचाच शेजारी.

या मसिराच्या आखातात २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानच्या संशोधकांनी एका हंपबॅक मादीला टॅग लावला. तिचं नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे ऊद. तिच्या शेपटीवरची नक्षी त्या झाडासारखी दिसते म्हणून हे नाव. डिसेंबरमध्ये लुबान किनारा सोडून सरळ खुल्या समुद्रात निघाली आणि अरबी समुद्र पार करून केरळच्या किनाऱ्यासमोर आली. पुढे ती दक्षिणेला कन्याकुमारीच्या बाजूला सरकली. तिथल्या हंपबॅकनं असा समुद्र ओलांडल्याची ही पहिली पक्की नोंद.

यात एवढं विशेष काय, असं वाटेल. अलास्काचे देवमासे तर याहून खूप लांब जातात. विशेष असं की अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जातच नाहीत. जगातले बाकीचे हंपबॅक थंड आणि उष्ण समुद्रांत ये-जा करतात, हे मात्र बारमाही इथलेच. उत्तरेला जायला यांना वाट नाही, आशिया खंड आडवं आहे. मग उन्हाळ्यात खातात काय? याचं उत्तर आपल्या रोजच्या ओळखीचं आहे: मॉन्सून. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून सुटणारा जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच वारा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात आत ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर छोटे जीव, त्यांच्यावर मासे. देवमाशाला अंटार्क्टिकाला जायची गरजच उरत नाही. जेवणाचं ताट दारात येतं. ज्या वाऱ्याची आपण सोयाबीन पेरायला वाट बघतो, त्याच वाऱ्यावर लुबानचं पोट भरतं.

हे देवमासे वेगळे आहेत याचा एक पुरावा मोठ्या क्रूर मार्गानं मिळाला. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात सुमारे २४० हंपबॅक मारले. ही शिकार बेकायदा होती आणि कित्येक वर्षं लपवून ठेवली गेली. १९९० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनी त्या वेळच्या नोंदी उघड केल्या. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या मापावरून कळलं की यांचं वेळापत्रक उत्तर गोलार्धाचं आहे. दक्षिणेकडच्या हंपबॅकशी ते जुळत नाही. पुढे जनुकांच्या अभ्यासातून अंदाज निघाला की हा कळप सुमारे ७०,००० वर्षांपासून वेगळा पडलेला आहे. आज ओमानच्या किनाऱ्यावर यातले शंभराच्या आत उरलेत असं मानतात. आपल्या शाळेच्या दोन वर्गांत मावतील एवढे.

गोव्यात ग्रँड बेटापाशी पाण्याखाली लावलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रात हंपबॅकचं गाणं सापडलं आहे. हंपबॅकचे नर गातात, आणि ते गाणं प्रामुख्यानं जोड्या जमण्याच्या काळातलं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर त्यांचं काहीतरी महत्त्वाचं काम चालतं.

कोकणापुरतं बघायचं तर माग काढण्याचं काम कासवांनी पुढे नेलं आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीला सॅटेलाईट टॅग लावला. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासवाच्या पायाला धातूचा बिल्ला दिसला, नंबर ०३२३३. तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता! बिल्ल्यानं दोन टोकं सांगितली, बागेश्रीच्या टॅगनं मधली वाट कशी असू शकते ते दाखवलं. दोन्ही पद्धतींचा मेळ कसा बसतो ते इथे छान कळतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गणपतीपुळ्याचं पिल्लू बलीन देवमाशाचं होतं. दातांऐवजी तोंडात गाळणीसारखी झालर असते तो बलीन गट, निळा देवमासा आणि हंपबॅक यातलेच. त्याच्या आईला टॅग नव्हता, तिच्या शेपटीचा फोटो कुणाकडे नव्हता. सिंधुदुर्गच्या समुद्रात २०१५ साली निळे देवमासे पिल्लासह दिसल्याची नोंद आहे, त्यामुळे आया-पिल्लं इथून जातात एवढं कळतं. कुठल्या महिन्यात, किनाऱ्यापासून किती आत, हे कळलं असतं तर मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना त्या पट्ट्यात वेग कमी करा असं सांगता आलं असतं. जहाजाची धडक आणि मासेमारीची जाळी, देवमाशांना मोठा धोका या दोन्हींचा. जाळ्यापुरता आपल्या राज्यानं २०१८ च्या शेवटी एक चांगला निर्णय घेतला: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. जहाजांसाठी मात्र आधी रस्ता माहीत पाहिजे.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, माहीतच नाही." मी म्हटलं, हो. ती स्वतः सुरगाण्याकडची, छाटणीच्या हंगामात आमच्या शाळेत असते. दुसऱ्या दिवशी तिनं वहीत आपल्या घरापासून पिंपळगावापर्यंतचा रस्ता काढून आणला, कुठे जीप बदलते, कुठे पाणी पितात, सगळं ठिपक्यांनी दाखवून. मी तो फळ्याशेजारी लावला आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: वर्वरा नावाची एक करडी देवमाशी रशियाच्या सखालिन बेटापासून मेक्सिकोपर्यंत जाऊन परत आली. एकूण २२,५११ किलोमीटर, १७२ दिवस. तिचा दिवसाचा आणि तासाचा सरासरी वेग काढा. तासाचं उत्तर साडेपाचच्या आसपास यायला हवं. मग शाळेपासून बसस्टँडपर्यंत झपाझप चालून बघा, तुमचा वेग किती येतो तेही शेजारी लिहा.