नुसतं कारण नको, न्याय सांग

पोरी, उद्या तू जुन्नर सोडून पुण्याच्या कॉलेजात चाललीस. डब्यात लाडू आहेतच, सोबत एक शब्द देतो : ‘जस्टिफाय’. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण या क्रियापदाइतकं चुकीचं वापरलेलं दुसरं पाहिलं नाही.

आधी अर्थ. लॅटिनमध्ये ‘युस्तुस’ म्हणजे न्याय्य आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं. म्हणून जस्टिफाय म्हणजे एखादी कृती न्याय्य होती असं दाखवून देणं.

‘एक्स्प्लेन’, ‘एक्स्क्यूज’ आणि ‘जस्टिफाय’ यांची गल्लत करू नकोस. बिबट्या उसात राहतो, कारण तिथं लपण आहे आणि जवळच्या वस्तीवर कुत्री-शेळ्या मिळतात, हे एक्स्प्लेन. शेळी नेल्याच्या रागात कुणी फास लावला आणि ‘डोकं फिरलं होतं, माफ करा’ म्हणाला, तर तो एक्स्क्यूज मागतोय. पण स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, हेतू शुद्ध असताना बिबट्या मेला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं अकरावं कलम त्याला गुन्हा मानत नाही. मात्र त्या वेळी तो माणूस स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत नसावा. ही कृती जस्टिफाय होते.

आता व्याकरण. जस्टिफायनंतर ‘टू टेक’ लिहू नकोस, ‘टेकिंग’ लिही. ‘टू’ येतो तो ज्याला पटवायचं त्या माणसाआधी : ‘जस्टिफाय इट टू युवर नेबर’. कर्मणीत ‘इन’ लागतो : ‘शी वॉज जस्टिफाइड इन रिफ्यूझिंग’. परीक्षेत ‘जस्टिफाय युवर आन्सर’ आलं, की आधी बरोबर की चूक ते सांग, मग नियम लिही, मग तो इथं कसा लागू पडतो ते दाखव. धडा उतरवून काढलास तर गुण जातील. कॉम्प्युटरवर मात्र याच शब्दाचा अर्थ ओळींच्या दोन्ही कडा सरळ करणं एवढाच.

हा शब्द मला खरा कळला तो शेतात. तरुणपणी एका रात्री शेजाऱ्याच्या पाळीचं पाणी मी आमच्या टोमॅटोकडे वळवलं. सकाळी वडिलांना म्हणालो, “रोपं जळत होती.” ते म्हणाले, “हे कारण झालं. त्याचीबी रोपं जळत होती. त्याच्या बांधावर उभा राहून हेच सांगशील का?” मी गप्प झालो. पुढची आमची पाळी वडिलांनी त्याला दिली.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली : ज्याचं नुकसान झालं, त्याच्यासमोर उभं राहून सांगता येईल तेच जस्टिफिकेशन. घोड नदीवरच्या डिंभे धरणानं शेतं भिजली, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गाव पाण्याखाली गेलं. धरणाचं समर्थन करणाऱ्यानं हिरवी शेतं मोजावीत, तशी बुडालेली घरंही मोजावीत. एकच बाजू मोजली तर तो न्याय नव्हे.

पोरी, काम करण्याआधी ही कसोटी लाव. केल्यावर शोधलेली कारणं म्हणजे बहुधा सारवासारव असते. शेणानं भुईची भेग झाकते, बुजत नाही. आणि कधी चुकलीस, तर शब्द शोधत बसू नकोस. ‘चुकले’ म्हण आणि भरपाई कर.