सेकंडहँड फोर-बाय-फोर : लीवर नव्हे, चाक तपासा

जुनी गाडी बघायला गेलं की आपले तीन प्रश्न ठरलेले असतात. किती पळाली? अ‍ॅव्हरेज काय देते? किती हातांतून गेली? साध्या कारसाठी हे ठीक आहे. पण फोर-बाय-फोर घेताना आपण जादा पैसे मोजतो ते पुढच्या चाकांना मिळणाऱ्या ताकदीसाठी, आणि ती या तीन प्रश्नांत कुठेच येत नाही!

आपल्या जिल्ह्यात हा विषय नुसत्या हौसेचा नाही. नगरला व्हीआरडीई आहे, रणगाड्यांचं म्युझियम आहे, म्हणून चिखलातली गाडी म्हटलं की आपल्याला मिलिटरी आठवते. पण अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस लागला की वाडीच्या कच्च्या वाटेवरून पेशंटला दवाखान्यापर्यंत आणणं हीच मोठी लढाई असते. माझे मामा त्याच भागात शेती करतात. त्यांना जुनी जीप घ्यायची आहे. "तू इंजिनिअर होणार ना, मग सांग काय बघायचं," असं ते म्हणाले. त्यासाठी केलेला हा अभ्यास.

आधी थोडी थिअरी

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलकडे जातो, दुसरा पुढच्या. जुन्या जीप आणि जिप्सीमध्ये पार्ट-टाइम पद्धत असते. लीवर फोर-व्हीलवर टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि एकाच वेगाने फिरतात.

पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर येतो.

टायरचंही तसंच. समजा पुढच्या टायरचा घेर २.२० मीटर आणि मागच्याचा २.२२ मीटर आहे. एका किलोमीटरमध्ये पुढचं चाक सुमारे ४५४ फेरे घेईल, मागचं ४५०. फरक फक्त चार फेऱ्यांचा, पण शाफ्ट जखडलेले असताना तो जाणार कुठे? म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत.

आता तपासणी

१) स्टिकरवर जाऊ नका. २०१० ची थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळत होती आणि नव्या थारचंही २०२३ पासून तसं मॉडेल आहे. खाली वाकून पुढचा डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट प्रत्यक्ष बघा.

२) चॅसिसवर गंज, वेल्डिंगचे ठिगळ, वाकलेली जागा आहे का पाहा. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या.

३) जॅकची टेस्ट. हब हाताने लॉक होतात अशा गाडीवर ही करा. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना दगड. पुढचं एकच चाक उचला आणि दोन्ही हब लॉक करा. टू-व्हीलवर ते चाक हाताने फिरलं पाहिजे. फोर-व्हीलवर टाकल्यावर थोडा प्ले सोडला तर फिरता कामा नये. फिरलंच, तर हब, अ‍ॅक्सल, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी गेलेलं आहे, किंवा लीवर नीट पडलेला नाही. जॅकवरच्या गाडीखाली मात्र जाऊ नका.

४) ट्रायल कच्च्या रस्त्यावरच घ्या. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून बघा. लीवर उडी मारून बाहेर येतो का? खडखड ऐकू येते का? वर्षानुवर्षं न वापरलेला लीवर सुद्धा जाम झालेला असतो, हे विसरू नका.

५) कागदपत्रं. चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कर्जाची नोंद असेल तर फायनान्सवाल्याचा फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ व ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचा फॉर्म २८. जीपला दुसरं इंजिन बसवलेलं असेल तर जास्त सावध राहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल मनाप्रमाणे करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कोण तपासू देतं? जो देत नाही, त्याची गाडी घेऊ नका. नवा रंग आणि नवे सीटकव्हर यांनी आपण भुलतो. पण चढावर, चिखलात, मागे पेशंट झोपलेला असताना कामाला येतं ते पुढचं चाक. पैसे देण्याआधी तेवढं एक चाक उचलून बघाच!